जड हेल्मेट म्हणजे भक्कम हेल्मेट?

‘डाउनहिलला, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल वेगात खाली नेताना, वेगळं हेल्मेट कशाला? बुलेटवरचं फुल-फेस, हनुवटीपर्यंत झाकणारं, घाल, ते जास्त मजबूत,’ हा सल्ला घाटात सायकल नेणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. तो चुकीचा आहे.

डोकं वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा ईपीएस फोम. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतः पितो. मोटरसायकलचा फोम मोठ्या धक्क्यांच्या हिशेबाने बनवलेला. सायकलवरून पडताना तो पुरेसा चेपेलच असं नाही. वर दीड किलोच्या आसपासचं ओझं मानेवर. डाउनहिलचं हेल्मेट बहुधा किलोभराचं, हवा खेळती ठेवणारं. पॅडल मारून धापा टाकताना ते कळतं!

खरेदी करताना आत एएसटीएम एफ१९५२ हा डाउनहिल हेल्मेटच्या मानकाचा शिक्का शोधा. यात हनुवटीसमोरच्या कडक कमानीचीही (चिन बार) चाचणी होते. नुसत्या ईएन १०७८ या सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकात ती नसते, म्हणजे कमान शोभेचीही असू शकते.

मग मापाचं. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा: कातडी सोबत सरकली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर एक माप खाली या. गॉगल लावूनच बघा, दुकानदार कंटाळला तरी. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, बाहेरून ओरखडाही नसला तरी, बाद.