चांगुलपणा आणि बुद्धी : तौलनिक मूल्यमापन

व्यक्तीचे किंवा कथा-नाटकांतील पात्राचे मोल ठरवताना चांगुलपणाला किती आणि बुद्धीला किती वजन द्यावे, हा नीतिशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र व साहित्यमीमांसा यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे.

भारतीय नीतिसाहित्यात दोन्ही पक्ष सापडतात. विद्येने नटलेला दुर्जनही टाळावा, असे *नीतिशतक* सांगते. तर हितचिंतक मूर्खापेक्षा शहाणा शत्रू बरा, हे वचन *पंचतंत्रा*त येते. दुसऱ्या वचनाचे मूळ वादाचे आहे. *पंचतंत्रा*च्या पूर्णभद्राने केलेल्या संस्करणात (११९९) राजाच्या अंगावर बसलेला कीटक मारण्याच्या नादात राजाचाच जीव घेणाऱ्या माकडाची कथा आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली कथांपैकी (जातकांपैकी) मकसजातकात (क्र. ४४) सुताराचा मुलगा बापाच्या डोक्यावरचा डास कुऱ्हाडीने मारू जातो, रोहिणीजातकात (क्र. ४५) दासी मुसळाने आईवरच्या माश्या मारते. दोन्हींच्या गाथांचा, म्हणजे पद्यांचा, आशय तोच. जातकांतील गाथा गद्य निवेदनापेक्षा सामान्यतः जुन्या मानल्या जातात. त्यामुळे हा विचार पूर्णभद्राच्या बराच आधीचा असावा. मात्र तेवढ्यावरून थेट उसनवारी सिद्ध होत नाही. समान मौखिक परंपरेचा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. माणसाच्या जागी माकड आल्याने दोषाचा प्रश्नच गळतो, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय जोडकथेत लुटारू रत्नांसाठी सगळ्यांना चिरायला निघतात, तेव्हा चोर आपले पोट आधी चिरू देऊन इतरांना वाचवतो. म्हणजे ज्या बुद्धीचा तिथे गौरव आहे, तिच्यात त्यागही मिसळलेला आहे.

ॲरिस्टॉटलने ही विभागणीच अपुरी ठरवली. साध्य कोणतेही असो, ते गाठून देणारे चातुर्य वेगळे आणि व्यवहारातील विवेक वेगळा. चांगुलपणाविना विवेक संभवत नाही, असे त्याचे मत. कांटने (१७८५) सदिच्छेलाच, म्हणजे योग्य ते करण्याच्या संकल्पालाच, निरपवाद चांगले मानले. इच्छा वाईट असेल तर बुद्धी घातक ठरते.

प्रायोगिक अभ्यासात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश (१९४६) यांनी सात विशेषणांची यादी वापरली. तीत ‘बुद्धिमान’ कायम ठेवून ‘प्रेमळ’ऐवजी ‘थंड’ घालताच व्यक्तीचे सगळे चित्र पालटले. ‘विनयशील’ आणि ‘फटकळ’ यांच्या अदलाबदलीने तेवढा फरक पडला नाही. नॉर्मन अँडरसन (१९६८) यांनी ५५५ स्वभावविशेषणांना ० ते ६ अशी पसंती नोंदवून घेतली. ‘मनापासून वागणारा’ पहिला आला, ‘खोटारडा’ शेवटचा आणि ‘बुद्धिमान’ सातवा. अँडरसन यांच्या मते मन गुणांची बेरीज न करता प्रत्येकाला कमी-जास्त वजन देऊन सरासरी (भारित सरासरी) काढते. म्हणून दोन ठळक गुणांत दोन बेताचे गुण मिळवले की एकूण मत उतरते. पण सरासरीने सारे उलगडत नाही. ‘दुष्ट’ या शब्दाशेजारी ‘हुशार’ आला की तो जमेची बाजू राहत नाही, धोका वाढवतो. एक गुण दुसऱ्याचा अर्थच बदलतो, ही ॲश यांची बाजू इथे अधिक पटते.

मापनात चुका ठरावीक जागी होतात. एका गुणाच्या प्रभावाने दुसराही वाढवून मोजला जातो (थॉर्नडाइक, १९२०). उलट, एकाच पुस्तकावरचे कडक परीक्षण लिहिणारा सौम्य लिहिणाऱ्यापेक्षा हुशार वाटला, पण कमी आवडला (अमाबिले, १९८३). पुराव्याचे स्वरूपही असमान असते: एक अवघड गणित सोडवले की क्षमता मान्य होते, मग पुढे चुकले तरी चालते, विश्वासघात मात्र एकदाच पुरतो. यासाठी दोन्ही गुणांचे पुरावे स्वतंत्र नोंदवून मगच एकत्र पाहावेत. मनमिळाऊपणा आणि सचोटीही वेगळ्या मोजाव्यात. गोड बोलणारा लबाड पहिल्यात उत्तीर्ण होतो.

पात्रांबाबत तराजू हलतो, कारण खलनायकाच्या हुशारीची झळ वाचकाला लागत नाही. शेक्सपिअरच्या *ऑथेल्लो*मधील खलनायक इयागोचे डावपेच रंगून पाहता येतात. पात्राचा चांगुलपणा त्याची किंमत मोजावी लागते तिथेच तपासता येतो. बुद्धी निवेदकाच्या प्रशस्तीवरून धरू नये. पात्राला त्या क्षणी काय ठाऊक होते आणि त्यावरून त्याने काय ताडले, एवढेच ग्राह्य. प्रतिस्पर्ध्याला ऐनवेळी मूर्ख करून मिळवलेला विजय हिशेबातून वगळावा.