डी म्हणजे डिजिटल नव्हे

पूर्वी ॲम्प्लिफायर घ्यायला गेलं की दुकानदार म्हणायचा, "जरा उचलून बघा." जड असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर मोठा, म्हणजे माल चांगला. ही परीक्षा फारशी चुकायचीही नाही. आता पुण्याच्या तपकीर गल्लीत तळहाताएवढा बोर्ड पुढे सरकवतात. "डिजिटल आहे, पन्नास वॅट!" उचलून बघण्यासारखं त्यात काही नसतंच.

'डिजिटल' हा शब्द दुकानातला. ए, बी, सी हे ॲम्प्लिफायरचे वर्ग आधीच ठरलेले होते, पुढचं अक्षर आलं म्हणून हा क्लास डी. संगीताची लहर जशी वरखाली होते तशी यात विजेच्या स्पंदांची रुंदी कमीजास्त होते. बहुतेक बोर्डांवर शून्य-एकच्या आकड्यांचा संबंधच येत नाही.

घरातला पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवतोय? तो ठोकळा हात लावला की गरम लागायचा, कारण पंखा हळू करायचा म्हणजे उरलेली वीज त्याच्या पोटात जाळायची. नवा रेग्युलेटर वीज तोडून तोडून सोडतो, म्हणून थंड राहतो. जुना क्लास एबी, म्हणजे ए आणि बी यांच्या मधला, पहिल्या जातीचा. त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे चालतात. क्लास डीतले एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. शेवटी कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्या स्पंदांतून पुन्हा सलग लहर काढतात.

आता हिशेब. क्लास बीची कार्यक्षमता कागदावर जास्तीत जास्त 78.5 टक्के. पण ती पूर्ण आवाजात! घरी आपण बहुतेक वेळ एखाद्या वॅटवरच ऐकतो. असा 100 वॅटचा ॲम्प्लिफायर 1 वॅट देताना सुमारे 13 वॅट ओढतो आणि त्यातले 12 हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तापवण्यात जातात. एबीमध्ये तर ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह कायम वाहता ठेवावा लागतो, गाणं बंद असतानासुद्धा. तो हवाच. लहरीची वरची बाजू एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालची दुसरा. हा प्रवाह नसेल तर शून्यावर, हातातून हातात देताना, लहरीला खाच पडते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, पण नुसता तानपुरा चालू असेल तर कानाला टोचते.

क्लास डीची कल्पना जुनी आहे. 1964 मध्ये इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने एक्स-10 नावाचा असा ॲम्प्लिफायर विकायला काढला. ट्रान्झिस्टर तेवढे चपळ नव्हते, आणि जाहिरातीतले 10 वॅट जाहिरातीतच राहिले. मॉस्फेट नावाचे वेगवान ट्रान्झिस्टर आल्यावर गाडी रुळावर आली. तरी एक दुखणं उरलं. शेवटच्या कॉइलमुळे वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या ओहमनुसार, म्हणजे तो विजेला किती अडवतो त्यानुसार, बदलायचा. एकाच बोर्डावर 4 ओहमचा स्पीकर मंद वाटायचा आणि 8 ओहमचा चरचरीत. 2001 च्या सुमारास फिलिप्स कंपनीत अभियंता ब्रुनो पुट्झीस यांनी फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी परत आत आणलेली लहर, कॉइलच्या पलीकडून घेणारी रचना केली आणि हा दोष जवळपास गेला. स्वस्त बोर्डांत तो आजही सापडतो. म्हणून माझ्या मते 'एबी की डी' यापेक्षा 'फीडबॅक कुठून घेतलाय' हा प्रश्न जास्त कामाचा, फक्त काउंटरवर विचारलात तर बहुधा चहाच मिळेल.

घरात चालता एबी असेल तर मी तो काढणार नाही. गुणगुणायला लागला तर वाळलेले मोठे कपॅसिटर बदलून घेईन. नवा घ्यायचा झाला तर डी घेऊन वाचलेले पैसे स्पीकरवर घालेन.

माझ्या स्वस्त बोर्डाने एक खोडी मात्र काढली. त्याचे स्पंद सेकंदाला 4 लाखांच्या आसपास, म्हणजे 400 किलोहर्ट्झ, आणि त्यांचा गोंगाट दुपटीवर, 800 किलोहर्ट्झवरही, उमटतो. आकाशवाणी पुणे लागते 792 वर, अगदी शेजारी. सकाळी बातम्यांत बारीक शिट्टी घुसायची, आणि मी आठवडाभर रेडिओचे सेल बदलत बसलो. आता रेडिओ स्वयंपाकघरात असतो.