‘मुली टिकत नाहीत’: कारण लग्न की साहेब?

जळगावच्या एमआयडीसीतला कारखाना असो की धुळ्यातलं सीएचं ऑफिस, तरुण मुलींच्या नोकरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मुली हुशार असतात, पण टिकत नाहीत. लग्न झालं की गेल्या.’ लग्न, सासर, नवऱ्याची बदली ही कारणं खरीच आहेत. पण त्यांच्याआड दुसरं एक कारण लपून राहतं, ते म्हणजे वरचा माणूस काम कसं करून घेतो.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलं, की नुसत्या कामाच्या ओझ्यानं माणूस तितका खचत नाही. ओझं मोठं आणि ते कसं उचलायचं हे ठरवण्याची मुभा मात्र नाही, अशा वेळी ताण सर्वाधिक असतो. इंजिनीअर मुलीला प्रोजेक्ट दिला, पण प्रत्येक मेल साहेबांना दाखवूनच पाठवायचा आणि सुट्टीच्या दिवशीही फोन उचलायचा, तर तिची निम्मी बुद्धी कामाऐवजी साहेबांचा अंदाज घेण्यात खर्च होते. उत्पादकता घटते ती इथे.

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग चीनमधला आहे. ट्रिप डॉट कॉम या कंपनीनं 1,612 पदवीधर कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेवरून दोन गट केले. एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली, दुसऱ्याला नाही. 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष आले: मुभा असलेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. हा फायदा मुख्यतः स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे यांच्यात दिसला. पुढची दोन वर्षं तपासूनही कामाच्या मूल्यांकनात किंवा बढतीत फरक आढळला नाही. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांना वाटत होतं, की उत्पादकता 2.6 टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर त्यांचाच अंदाज 1 टक्का वाढीवर आला.

लांबून येणारे म्हटलं, की आपल्याकडचं अपडाऊन आठवतं. भुसावळ, पाचोरा, अमळनेरहून रोज जळगाव गाठणाऱ्या कितीतरी मुली आहेत. संध्याकाळी सहाला अचानक मीटिंग लावणाऱ्या साहेबाला ती अर्ध्या तासाची गोष्ट वाटते. तिची मात्र गाडी चुकते, आणि ‘उशीर का झाला?’ याचं उत्तर तिला घरी द्यावं लागतं. असं वारंवार झालं की घरूनच ‘सोड ती नोकरी’ हा सूर निघतो, आणि ऑफिसच्या लेखी मात्र ती ‘घरगुती कारणानं’ गेलेली असते. शॉपफ्लोअरवर, लॅबमध्ये, बँकेच्या काउंटरवर घरून काम शक्य नाही, हे मान्य. पण मीटिंगची वेळ आणि शिफ्टचं वेळापत्रक आधी सांगणं तिथेही जमतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

ऐकून घेण्याचाही परिणाम मोजला गेला आहे. कर्नाटकातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ झाल्यानंतर काही कामगारांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून निनावी सर्वेक्षणात मन मोकळं करू दिलं. पगार तेवढाच राहिला, तरी त्यांच्यात काम सोडण्याचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास पदवीधर मुलींचा नव्हता, पण पगारवाढीनंतर केबिनचं दार बंद करून बसणाऱ्या मालकानं तो जरूर वाचावा.

कौतुकाचंही तसंच. शेली कॉरेल आणि कॅरोलिन सिमार्ड या संशोधकांनी अमेरिकी कंपन्यांतली मूल्यांकनं तपासली, तेव्हा स्त्रियांच्या वाट्याला मोघम शेरे जास्त आलेले दिसले. ‘छान काम करतेस’ ऐकून बरं वाटतं, पण बढतीसाठी नेमकं काय शिकायचं ते कळत नाही. तिच्याबरोबर लागलेल्या मुलाला ते चहाच्या टपरीवर साहेबांकडून सहज कळतं, आणि त्या टपरीवर ती सहसा नसते. म्हणून नेमकं बोलणं ऑफिसच्या वेळेत, टेबलासमोर बसून व्हायला हवं: कोणता रिपोर्ट चांगला होता, कुठे चुकला, पुढच्या सहा महिन्यांत कोणती जबाबदारी मिळेल.