बागेत जिओकॅशचा डबा ठेवायचाय? सातारा-सांगलीत परवानगी कुणाकडे आणि कशी मागायची

जिओकॅश म्हणजे जीपीएसच्या मदतीने इतरांनी शोधायचा खेळातला लपवलेला डबा. सार्वजनिक बागेत, टेकडीवर किंवा नदीकाठी तो ठेवायला परवानगी लागते का? लागते. तिच्यासाठी छापील फॉर्म नाही, ठरलेली फी नाही. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खालच्या अधिसूचित सेवांमध्येही ही परवानगी बसत नाही, त्यामुळे अमुक दिवसांत उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन कार्यालयावर नाही. सगळी भिस्त तुमच्या साध्या कागदावरच्या अर्जावर. तो नीट लिहिला तर काम होण्यासारखं आहे.

ज्यांच्या कानावर हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कपात मे २००० च्या सुरुवातीला बंद केली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने यायचं, आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी छोटी वस्तू घ्यायची, तर तिच्या बदल्यात दुसरी ठेवायची. ती पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. आज जिओकॅशिंग डॉट कॉम या खेळाच्या संकेतस्थळाच्या नियमात पुरणं सहसा बसत नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, खायच्या वस्तू, दारू, हत्यारं आत चालत नाहीत आणि जागामालकाची परवानगी ही डबा ठेवणाऱ्याचीच जबाबदारी असते. डब्याची नोंद संकेतस्थळावर प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक तपासनीस ती बघतो आणि परवानगी कुणी दिली, असं विचारू शकतो.

आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याला खेळाशी घेणं-देणं नाही. बसस्थानकावर रोज ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ऐकणाऱ्या गावात तुम्ही त्याला बेवारस डबा ठेवू द्या म्हणताय. उद्या कुणी पोलिसांना फोन केला तर पहिला फोन आपल्याला येणार, हे त्याला सही करताना दिसत असतं. म्हणून अर्जात खेळाचं कौतुक दोन ओळींत आटपा आणि डब्याला वारस कोण, तो कुठे राहतो, किती वेळात येऊन डबा उचलेल, हे ठळक लिहा.

आधी जागा कुणाची ते बघा

बहुतेक अर्ज इथेच चुकतात, कारण बाग कुणी सांभाळतं आणि जमीन कुणाची आहे या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि गावाकडे सातबारा बघावा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनासहीचा सातबारा फुकट दिसतो, आणि अर्जाला जोडण्यापुरता तो पुरतो.

साताऱ्यात नगरपालिकेच्या बागेसाठी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सांगलीत, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत, आयुक्तांच्या नावे करून उद्यान विभागाला प्रत द्यायची. ग्रामपंचायतीची जागा असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांना भेटा आणि मासिक सभेत ठराव करून घ्या. एकट्या सरपंचांची सही पुढच्या निवडणुकीनंतर टिकेलच असं नाही. कॉलनीतली खुली जागा सोसायटी सांभाळत असेल तर अध्यक्ष-सचिवांचं पत्र लागेल, पण ती जागा पालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का हेही विचारून घ्या.

वनखात्याची टेकडी असेल तर अर्ज उपवनसंरक्षकांना, वनक्षेत्रपालांमार्फत. कागद वर जातो, पण अभिप्राय खालून येतो. त्या बीटच्या वनरक्षकाने ‘अडचण नाही’ लिहिलं नाही तर वरचा साहेब सही करत नाही. अर्ज देण्याआधी त्याला जागा दाखवून आणा.

काही ठिकाणांचा नाद सोडलेलाच बरा. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान, सागरेश्वर अभयारण्य इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. तिथे नुसतं शिरायलाच नियम आहेत. वासोट्याला जाताना वनखात्याची परवानगी काढावी लागते ती याचमुळे, आणि त्या परवानगीत डबा ठेवणं येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. हा नियम बांधकामासाठी आहे हे खरं, पण तटबंदीच्या चिऱ्यांत डबा खुपसू नका. गडांवर गुप्तधनाच्या नादाने खणणारे कमी नाहीत, आणि जीपीएस घेऊन दगड चाचपणारा माणूस गावकऱ्यांना त्यांच्यातलाच वाटतो. धरणाची भिंत, रेल्वेमार्ग, शाळेचं आवार, पुतळा, देवळाचा गाभारा-ओटा, महावितरणची डीपी यांच्या आसपासही नको.

कास पठाराचं काय, असं विचारणारे बरेच. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ मध्ये गेलेल्या त्या सड्यावर जांभ्यावरची माती जेमतेम बोटभर. तिच्यावर दहा माणसं डबा हुडकत फिरली की फुलांचा चेंदामेंदा. तिथे अर्थकॅश (इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) हा प्रकार शोभतो. त्यात डबाच नसतो. रूढ वाटेवर उभं राहून जांभा खडक कसा तयार झाला, त्याला भोकं का पडतात, अशा प्रश्नांची उत्तरं निरीक्षणातून लिहून पाठवायची. २००४ पासून हा प्रकार सुरू आहे. तरीही वनखात्याला आणि स्थानिक समितीला पत्र द्याच, कारण माणसं तुमच्यामुळे तिथे थांबणार आहेत.

अर्ज कोणी करावा

कायद्याने ठरवलेली पात्रता नाही. व्यवहारात मात्र डब्यापर्यंत वरचेवर पोहोचू शकेल असाच माणूस अर्जदार हवा. खेळाचा नियमही देखभालीबद्दल कडक आहे, सुट्टीत येऊन डबा ठेवून परत जाणाऱ्याची नोंद सहसा मान्य होत नाही. नोकरीला पुण्यात आणि घर साताऱ्यात असेल, तर इथे राहणाऱ्या एकाचं नाव सह-जबाबदार म्हणून घाला आणि त्याची सही घ्या. अल्पवयीन मुलांचा उत्साह मोठा असतो, पण अर्ज पालकांच्या सहीनेच जावा. नोंदणीकृत संस्था, ट्रेकिंग ग्रुप किंवा महाविद्यालयाचं लेटरहेड असेल तर वजन पडतं. नसलं तरी अडत नाही.

डबा कसा असावा

अर्जासोबत डब्याचा फोटो जातो, म्हणून आधी डबा. स्टीलचा जेवणाचा डबा टिकाऊ असतो आणि पावसातही टिकतो. तरीही तो घेऊ नका. झुडपात दिसलेला बंद स्टीलचा डबा बॉम्बशोधक पथकाला बोलावणं धाडतो. चारही बाजूंनी क्लिप लागणारा, रबरी वायसरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. आतलं बाहेरूनच दिसलं पाहिजे. वही झिपच्या पिशवीत, सोबत शिसपेन्सिल, कारण साताऱ्याच्या पावसात बॉलपेनची शाई पसरते. चॉकलेट-गोळ्या ठेवल्यात तर पहिला शोधकर्ता वानर असेल.

झाकणाला आतून, बाहेर वाचता येईल असं लेबल चिकटवा: ‘हा खेळाचा डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि छोट्या वस्तू आहेत. परवानगी क्रमांक आणि दिनांक अमुक. जबाबदार व्यक्ती अमुक, मोबाईल अमुक. शंका आल्यास आधी फोन करा.’ परवानगी मिळेपर्यंत क्रमांकाची जागा कोरी ठेवलेली चालते. उलट फोटोत ती कोरी जागा दिसली की क्रमांक द्यायचा आहे हे साहेबांच्या लक्षात येतं.

सांगलीकरांसाठी वेगळी सूचना. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांना इशारा पातळी गाठते, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. काठालगतच्या बागेसाठी अर्ज असेल तर ‘जून ते ऑक्टोबर डबा काढून ठेवला जाईल’ हे वाक्य आपणहून घाला. पुराचा अनुभव असलेल्या कार्यालयाला ते लगेच पटतं.

अर्जाचा मजकूर

विषयात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द हवेतच. नमुना असा: ‘विषय: अमुक उद्यानात जिओकॅशिंग या खेळासाठी एक पारदर्शक डबा सहा महिन्यांकरिता प्रायोगिक तत्त्वावर ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.’

पुढे: ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सोबतच्या नकाशात दर्शविलेल्या जागी डबा ठेवण्यास परवानगी मिळावी. डबा जमिनीत पुरला जाणार नाही. झाडाला खिळा किंवा तार मारली जाणार नाही. खेळ उद्यानाच्या वेळेतच खेळला जाईल. डब्याची संपूर्ण जबाबदारी माझी असून आपल्या कार्यालयाने कळविल्यास २४ तासांत डबा हटविण्यात येईल. तसे न झाल्यास आपले कर्मचारी तो काढू शकतील, त्यास माझी हरकत राहणार नाही. यासाठी कार्यालयास कोणताही खर्च येणार नाही.’

शेवटची दोन वाक्यं सर्वांत कामाची. पर्यटन वाढेल, जिल्हा जगाच्या नकाशावर येईल वगैरे लिहू नका, कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी शोधणाऱ्यांनी जाता-येता कचरा उचलण्याची या खेळातली रीत सांगा आणि महिन्यातून एका रविवारी सफाई करू, गोळा झालेला ओला-सुका वेगळा करून घंटागाडीला देऊ, मोडलेला बाक किंवा बंद दिवा दिसला तर फोटोसह कळवू, असं लिहा. जमणार असेल तरच. पाठिंबा म्हणून पैसे मागू नका. प्रवेशद्वारावर एक छोटा फलक आणि माळी-रखवालदारांना तोंडी सूचना, एवढंच मागा.

जोडायचे कागद थोडेच: आधारची स्वसाक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा (आधारवर पत्ता जुना असेल तर), डब्याचे आतून-बाहेरून फोटो, जागेचा जवळून आणि लांबून असा प्रत्येकी एक फोटो, अक्षांश-रेखांशासह नकाशाची प्रिंट, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि साध्या कागदावर हमीपत्र. नकाशावर बागेचं गेट आणि डब्याची जागा लाल पेनने दाखवा, नुसते आकडे कुणी उलगडत बसत नाही. खेळाच्या नियमांचं मराठीत एक पान करून लावा, इंग्रजी प्रिंटआउटचा गठ्ठा लावलात तर फाईल ‘अभ्यासासाठी’ बाजूला पडते.

कागद पुढे कसा सरकतो

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. ही पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. त्याच दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात माहितीस्तव प्रत देऊन तिथलीही पोच घ्या. पोलिसांची परवानगी मागत नाही, माहिती देतोय, हे अर्जात स्पष्ट असू द्या. नाहीतर दोन कार्यालयं एकमेकांच्या पत्राची वाट बघत बसतात.

वेळ बघून जा. मार्चअखेरीला बिलांची घाई असते, आणि आचारसंहिता लागली की साध्या कागदालाही कुणी हात लावत नाही. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन चौकशी करा. ‘ठेवा की, कोण काय म्हणतंय’ असं दिलदार उत्तर हमखास मिळेल. त्या साहेबांना चहा पाजा, पण डबा ठेवू नका. बदली झाली की ते शब्द त्यांच्यासोबत जातात. ‘मग एवढं दोन ओळींत लिहून द्या’ म्हणायला संकोच नको. अर्जावरच ‘अटींसह परवानगी’ असा शेरा, सही आणि शिक्का मिळाला तरी भागतं.

काहीच हललं नाही तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची व टिपणीची प्रत मिळावी’ एवढंच मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हे हत्यार पहिल्या आठवड्यात काढू नका. पुढे सहा महिने त्याच माणसांसोबत काम करायचं आहे. नकार आला तर कारण लेखी घ्या. जागेबद्दल हरकत असेल तर त्याच बागेतली दुसरी जागा सुचवून नवा अर्ज करता येतो.

परवानगी मिळाली की पत्राची लॅमिनेटेड प्रत रखवालदाराच्या केबिनमध्ये लावा आणि पहिला डबा त्याच्या हातून उघडून घ्या. वहीतली पहिली सही त्याची असू द्या. पुढे संशयाने आलेल्या माणसाला तोच समजावतो. नोंदीच्या पानावर बागेच्या वेळा आणि परवानगी क्रमांक मराठीतही लिहा. दर तीन महिन्यांनी उद्यान विभागाला एक पानी अहवाल द्या: वहीत किती नोंदी झाल्या, सफाई कधी केली, काय मोडलेलं दिसलं. मुदत संपायच्या महिनाभर आधी याच अहवालांच्या प्रती जोडून मुदतवाढीचा अर्ज करा. मुदतवाढ नाही मिळाली तर ठरल्या दिवशी डबा उचला, संकेतस्थळावरची नोंद बंद करा आणि ‘डबा हटविला आहे’ असं रिकाम्या जागेच्या फोटोसह पत्र देऊन त्याचीही पोच घ्या.