संमतिवयापासून नवले पुलापर्यंत : बातमीने ठरवलेला प्रश्न

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला गाजला. दहा-अकरा वर्षांची ही विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीने दगावली होती. त्यानंतर संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय, दहावरून बारा करणारे विधेयक आले आणि मार्च १८९१मध्ये कायदा झाला. पुण्यात टिळकांच्या ‘केसरी’ने प्रश्न मांडला तो परक्या सरकारने आमच्या आचारधर्मात हात घालावा का, असा. आगरकरांच्या ‘सुधारका’ने तो मुलीच्या जिवाचा मानला. विधेयक तेच होते, पण पहिल्या प्रश्नात गुंतलेला वाचक दुसऱ्यापर्यंत सहसा पोचत नसे.

कोणता प्रश्न महत्त्वाचा हे बातमी ठरवते का, हे मोजून पाहिले गेले ते पुष्कळ उशिरा. १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅककॉम्ब्ज आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या चॅपल हिलमध्ये मत पक्के न झालेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारले आणि उत्तरे बातम्यांतल्या भराशी ताडली. दोन्ही क्रम जवळपास तंतोतंत जुळले. पण बातमीमुळे चिंता की चिंतेमुळे बातमी, हे अशा एका पाहणीतून कळत नाही. म्हणून १९८०च्या दशकात आयंगर आणि किंडर या संशोधकांनी फेरफार केलेली टीव्ही बातमीपत्रे दाखवून प्रयोग केले, आणि त्यांत बातमीचा परिणाम दिसला. पुढे आयंगर यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि आपल्यासाठी तीच मोलाची आहे : बातमी एकाच माणसापुरती असली की प्रेक्षक दोष त्यालाच देतात. गरिबीच्या बातम्यांत हे विशेष दिसले.

पुण्यातल्या महामार्गावरच्या नवले पुलाजवळील अपघातांच्या बातम्यांत नेमके हेच घडते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत सलग उतार आहे. जड ट्रक ब्रेक दाबत उतरला की ड्रम तापतात आणि पकड सुटते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकली तर इंजिनाचा रोधही जातो. बातमी मात्र ‘ब्रेक फेल, चालक ताब्यात’ इथे संपते, आणि वाचकाचा राग चालकावर निघतो. २० नोव्हेंबर २०२२ला चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली, तेव्हा कुठे उताराची चर्चा ठळकपणे झाली.

यात बातमीदाराचा आळस कमी, घड्याळाचा दोष जास्त. पोलिसांकडून चालकाचे नाव आणि कलमे लगेच मिळतात. त्याच टप्प्यातले मागच्या पाच वर्षांतले अपघात, त्यांची वेळ, वाहनाचा प्रकार आणि मंजूर होऊनही रखडलेली कामे ही माहिती पान लागेपर्यंत हाती येत नाही. ती अपघाताआधीच जमवून ठेवावी लागते आणि दर महिन्याला ताजी करावी लागते.