संशोधकाची उमेद आणि मेंदूतील अपेक्षांचे गणित

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीवरील सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणूचा, म्हणजेच त्याने होणाऱ्या हरण्या रोगाचा, अभ्यास करणाऱ्या संशोधकाला लागवडीपासून कापणीपर्यंत जवळजवळ वर्षभर थांबावे लागते. त्यामुळे पीएच.डी.च्या किमान ३ आणि कमाल ६ वर्षांच्या मुदतीत पूर्ण हंगामाचे प्रयोग मोजकेच होतात. अशा कामात मध्येच मरगळ आली, की जिद्द कमी पडली असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मेंदूविज्ञान याविषयी बरेच नेमके काही सांगते.

उमेदीशी जोडले जाणारे डोपामिन, म्हणजे मेंदूतील चेतापेशींचे एक संदेशवाहक रसायन, हे आनंदाचे रसायन आहे, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्स या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन चेतापेशींचे विद्युत स्पंद मोजले. अवचित फळांचा रस मिळाला, की स्पंद वाढत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकले, तेव्हा दिव्यालाच प्रतिसाद येऊ लागला आणि रसाच्या क्षणी स्पंद नेहमीइतकेच राहिले. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्याच क्षणी ते नेहमीच्या पातळीखाली गेले. हे स्पंद सांगतात ती मिळालेले आणि अपेक्षिलेले यांच्यातील तफावत. १९९७ मध्ये पीटर डायन, रीड माँटेग्यू आणि शुल्त्स यांनी हे निरीक्षण अध्ययनाच्या एका गणिती सूत्राशी जोडले.

त्या सूत्रात एक घसारा गुणक असतो: बक्षीस जितके दूर, तितकी त्याची आजची किंमत कमी. समजा, हा गुणक महिन्याला ०.९ आहे. मग ३६ महिन्यांनी मिळणाऱ्या १०० एककांच्या बक्षिसाची आजची किंमत ०.९ चा ३६ वा घात गुणिले १००, म्हणजे जेमतेम २ एकके भरते. तेच बक्षीस ३ महिन्यांवर असेल तर सुमारे ७३ एकके. अ‍ॅन ग्रेबिएल या मेंदूशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवले, की चक्रव्यूहातून जाणाऱ्या उंदरांच्या मेंदूत लक्ष्य जवळ येईल तसतसा डोपामिनचा संकेत चढत जातो.

एक दिवस मोबाइल बंद ठेवून डोपामिन ‘साफ’ करण्याचे सल्ले आणि एकाग्रतेसाठी विकली जाणारी रत्ने यांना यात कोणताही आधार नाही. डोपामिन हालचालींसाठीही अत्यावश्यक असून ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की पार्किन्सन होतो.

माकडाचे काही सेकंद आणि संशोधकाची काही वर्षे यांत मोठे अंतर आहे, आणि वेळेवर न आलेल्या शिष्यवृत्तीची भरपाई कोणतेही सूत्र करत नाही. तरीही प्रश्नाची मांडणी आपल्या हाती असते. ‘रोगाला दाद न देणारे रोप सापडेल का’ या प्रश्नात बहुतेक हंगाम अपेक्षाभंगाचे ठरतात. ‘दोन चाचण्यांपैकी कोणती विषाणू लवकर ओळखते’ या प्रश्नाला मात्र काहीही निघाले तरी उत्तर मिळते आणि ते काही आठवड्यांत मिळते. पहिला प्रश्न सोडायचा नाही, त्याच्या वाटेवर दुसऱ्यासारखे प्रश्न पेरायचे. जळगावच्या विद्यापीठात असो वा धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांत, दर सत्रातील सादरीकरणात सल्लागार समितीने किती काम उरले यापेक्षा कोणत्या प्रश्नाचे उत्तर हाती आले, हे आधी विचारावे.