जॅग्वार एक्सजे-१३

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जॅग्वार कंपनीने १९६५-६६ मध्ये बांधलेली स्पोर्ट्स कार. या नमुन्याची एकच गाडी तयार झाली. ती कोणत्याही शर्यतीत उतरली नाही आणि तिचे उत्पादनही झाले नाही. चालकाच्या पाठीमागे व मागील आसाच्या पुढे बसवलेले ५ लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन, ॲल्युमिनियमची बिनछताची बुटकी काया आणि दोन आसने ही तिची मुख्य वैशिष्ट्ये. एक्सजे ही अक्षरे कंपनीच्या प्रायोगिक प्रकल्पांची असून पुढे तीच तिच्या सलून (बंदिस्त प्रवासी) गाड्यांच्या नावात आली.

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ व १९५७ अशी पाच वेळा जिंकली होती. कंपनीचा स्वतःचा संघ मात्र १९५६ च्या हंगामाअखेर मागे घेण्यात आला आणि पाचवा विजय खासगी संघाच्या नावावर लागला. ल मांला पुन्हा जायचे, या इच्छेतून ही गाडी जन्मली असे सर्वसाधारणपणे मानतात. मुख्य अभियंता विल्यम हेन्स हे या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते होते. कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांचा उत्साह तेवढा नसावा.

इंजिन : बारा सिलिंडरांच्या जॅग्वार इंजिनाची कल्पना नेमकी केव्हाची, याविषयी मतभेद आहेत. कंपनीचे अभियंता क्लॉड बेली यांच्या आराखड्यांचा हवाला देऊन काही लेखक ती १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात. इतरांच्या मते प्रकल्पाला खरा आकार १९६० नंतर आला. कागदावरचा विचार व धातूतले काम वेगळे धरल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो. पहिले इंजिन चाचणी-बाकावर चालले ते १९६४ मध्ये, याबद्दल फारसा वाद नाही. कंपनीच्या प्रसिद्ध एक्सके या सहा सिलिंडरी इंजिनाची दोन माथी एकाच क्रँकशाफ्टवर (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) ६० अंशांच्या कोनात बसवली, असे त्याचे ढोबळ वर्णन करतात. समजण्यास ते सोपे आहे, पण सुटे भाग जसेच्या तसे उचलले असा त्याचा अर्थ घेऊ नये. सिलिंडरचा व्यास ८७ मिमी., पिस्टनची धाव ७० मिमी. आणि एकूण घनफळ ४,९९४ घ.सेंमी. होते. प्रत्येक रांगेवर दोन, म्हणजे एकूण चार कॅमशाफ्ट झडपा हलवत. इंधन ल्यूकास कंपनीच्या यांत्रिक अंतःक्षेपण (इंजेक्शन) पद्धतीने पुरवले जाई. मिनिटाला ७,६०० फेऱ्यांवर ५०२ अश्वशक्ती हा नेहमी उद्धृत होणारा आकडा आहे.

चार कॅमशाफ्टच्या या रचनेला कंपनीतूनच विरोध होता. १९६३ मध्ये जॅग्वारने कॉव्हेंट्री क्लायमॅक्स ही इंजिन कंपनी विकत घेतली. त्यानंतर वॉल्टर हॅसन व हॅरी मंडी हे अभियंते या कामाशी जोडले गेले. रोजच्या वापरात इंजिन कमी व मध्यम वेगावर जोरकस हवे, आटोपशीर हवे आणि बांधायला स्वस्त हवे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून प्रत्येक रांगेवर एकच कॅमशाफ्ट, सपाट माथे आणि पिस्टनच्या डोक्यातच ज्वलनकक्षाची खोलगट जागा अशी रचना अखेर स्वीकारली गेली. व्यास ९० मिमी. झाल्याने घनफळ ५,३४३ घ.सेंमी.पर्यंत गेले. हे इंजिन १९७१ मध्ये ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या तिसऱ्या मालिकेत व १९७२ मध्ये एक्सजे-१२ सलूनमध्ये आले आणि १९९० च्या दशकापर्यंत टिकले. एक्सजे-१३ चे महत्त्व ठरवताना शर्यतींचे अभ्यासक या धाग्याकडे सहसा दुर्लक्ष करतात.

काया व सांगाडा : आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते मूळचे ब्रिस्टल विमान कंपनीतले. सी-टाइप, डी-टाइप व ई-टाइप या गाड्यांच्या रेषाही त्यांच्याच. डोळ्यांना गोड वाटेल ते काढण्याऐवजी वक्रांचे बिंदू गणिताने काढून मग पत्रा घडवायचा, ही त्यांची पद्धत होती. कायेला वेगळी चौकट नव्हती. ॲल्युमिनियमच्या पेटीवजा सांगाड्याला इंजिन जोडलेले असून मागील भागाचा ताण तेच पेलत असे. गिअरपेटी जर्मनीच्या झेडएफ कंपनीची, पाच गतींची. मागील चाकांच्या निलंबनात अर्धआसांकडूनच (चाके फिरवणाऱ्या दांड्यांकडूनच) वरच्या आडव्या दांड्याचे काम घेण्याची ई-टाइपमधील युक्ती येथेही कायम होती.

चाचण्या व त्याग : गाडी मार्च १९६६ मध्ये पूर्ण झाली, पण जवळजवळ वर्षभर उभीच राहिली. पहिली धाव लायन्स यांच्या परवानगीवाचून एका रविवारी घेतली गेली, ही हकिकत सांगण्यात येते. ती ऐकीव परंपरेतली समजावी. १९६७ मध्ये ननीटनजवळच्या मीरा चाचणी-मार्गावर शर्यतचालक डेव्हिड हॉब्ज यांनी ताशी १६१.६ मैल (सु. २६० किमी.) सरासरीने फेरी पूर्ण केली. ब्रिटनमधील बंदिस्त मार्गावरचा हा अनधिकृत उच्चांक तीन दशकांहून अधिक काळ अबाधित होता.

प्रकल्प का सोडला, याचे नेहमीचे उत्तर नियमबदल हे आहे : १९६८ पासून प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या) वर्गासाठी ३ लिटरची मर्यादा आली. परंतु हा निर्णय १९६७ च्या ल मां शर्यतीनंतरचा आहे, आणि गाडी त्याआधीच वर्षभर रखडली होती. त्यामुळे इतर कारणांना अधिक वजन द्यावे लागते. १९६६ मध्ये जॅग्वार बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या मोटार समूहात विलीन झाली; त्याच वर्षी फोर्डने ७ लिटरच्या गाड्यांनी ल मांचे पहिले तिन्ही क्रमांक पटकावले; आणि कंपनीचे बहुतेक अभियंते १९६८ मध्ये बाजारात आलेल्या एक्सजे-६ सलूनच्या कामात गुंतलेले होते.

अपघात व पुनर्बांधणी : जानेवारी १९७१ मध्ये नव्या बारा सिलिंडरी ई-टाइपच्या प्रसिद्धीसाठी मीरा येथे चित्रीकरण सुरू असताना चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांच्या हातून गाडी उलटली. ते बचावले, गाडीचा चुराडा झाला. एका मतानुसार आधीच खराब झालेला टायर याला कारणीभूत होता, तर दुसऱ्या मतानुसार मागचे चाकच तुटले. सेयर १९७० मध्येच निवर्तले होते. पुढे ॲबे पॅनेल्स या पत्राकाम करणाऱ्या कंपनीने जुन्या साच्यांपैकी काही वापरून काया पुन्हा घडवली आणि १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे गाडी लोकांसमोर आली. चालवत होते ‘लॉफ्टी’ इंग्लंड, १९५० च्या दशकातील ल मां विजयांचे संघव्यवस्थापक.

आजची गाडी मूळ रूपाची तंतोतंत प्रत नसल्याचे कंपनीनेच म्हटले आहे. चाकांवरील कमानी व चाके यांतला फरक जुन्या छायाचित्रांत सहज दिसतो. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात मांडलेल्या एक्सजे-२२० या जॅग्वार स्पोर्ट्स कारच्या पहिल्या नमुन्यामागे एक्सजे-१३ ची प्रेरणा होती. त्यातही बारा सिलिंडरी इंजिन मध्यभागी होते. विक्रीस आलेल्या गाडीत मात्र सहा सिलिंडरांचे बसले. २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली. एक्सजे-१३ वॉरिकशरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये ठेवली जाते. खासगी कारागिरांनी तिच्या प्रतिकृती बांधल्या असून त्यांपैकी काहींत अपघातापूर्वीचा आकार प्रमाण मानला आहे. बाह्यरूपापुरते पाहिल्यास अशा प्रतिकृती १९६६ च्या रूपाला पुनर्बांधणी झालेल्या मूळ गाडीपेक्षाही जवळच्या ठरतात.